डोहातली थोरली

१२ मार्च १९४३

वरच्या घाटावरच्या दोन्ही नावा काल पोलिसांनी नेल्या. गेल्या ऑगस्टपासून चळवळीतली पोरं अंधारात नदी ओलांडून या काठाची त्या काठाला जातात, म्हणून आता कुठल्याच घाटावर नाव ठेवायची नाही असं ठरलंय म्हणे. ज्ञानू बघून आला. हा आमच्या नावेवर वल्हं मारतो, लग्नाआधीपासून. एरवी त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. आज ओसरीवर बसून म्हणाला, "वैनीसाब, काठावरच्या दगडांवरनं घासत न्हेल्या वं. तळाच्या फळ्या फुटल्या. बगवत न्हवतं."

मामंजी उठून घाटावर गेले आणि थोरलीच्या काठाला हात लावून उन्हात बसून राहिले.

थोरली म्हणजे आमची नाव. यांच्या पणजोबांनी मेढ्याच्या रानातलं सागवान गाड्यांवर घालून आणलं आणि इथंच, मळईवाडीच्या घाटावर ती बांधली. तिच्याएवढी मोठी नाव या पट्ट्यात दुसरी नाही, म्हणून थोरली. हिवाळ्यात ती गूळ आणि हळद घेऊन सांगलीला उतरते, आणि येताना थंडीतला पूर्वेचा वारा शिडात भरून प्रवाहाच्या उलट वर येते. पावसाळ्यात माणसं पार करते. पलीकडच्या काठाला रेल्वे स्टेशन, तिथून मिरज. अलीकडे आम्ही. थोरली नसेल तर सांगलीच्या पुलापर्यंत खाली जायचं, आणि ओढे भरले की तीही वाट बंद.

मी फलटणची. लग्न होऊन आले तेव्हा लोणंदला आगगाडीत बसवलं आणि पलीकडच्या काठावर थोरलीत. नदी आयुष्यात पहिल्यांदा ओलांडत होते. मला घाबरलेली बघून हे सुकाणूवरून हसले होते.

लढाईवर जाताना म्हणाले, "आबा थकलेत. थोरलीकडं बघ." आता हे इराकात बसऱ्याला आहेत, सरकारच्या नदीवरच्या बोटींवर. थोरलीकडं बघ, एवढंच म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत.

२८ मार्च

खालच्या घाटावरची नावही गेली. आता आमचीच राहिली.

जेवताना मामंजी सहज म्हणाले, की त्यांचे आजोबा कडक उन्हाळ्यात नाव डोहात बुडवून ठेवत. लाकूड तडकत नाही, कीड लागत नाही. पाण्याखाली सागवान शंभर वर्षं राहतं. मी वाढता वाढता थांबले.

"मामंजी, मग आपणही बुडवूया की."

"उनाच्या भ्यानं बुडवायची ती, पोरी. मानसांच्या भ्यानं न्हवं."

पण कल्पना त्यांनाही पटली आहे. घास हातात धरून बसले होते.

२० एप्रिल, चैत्री पौर्णिमा

आज झालं.

निम्मं गाव जोतिबाच्या डोंगराला गेलेलं, उरलेलं माळावरच्या देवळात. घाटावर चिटपाखरू नव्हतं. डोलकाठी, शीड आणि सुकाणू काल-परवाच काढून गोठ्यात कडब्याखाली ठेवलं होतं. ज्ञानू आणि मामंजींनी थोरली उंबराच्या डोहात नेली. तिथं नदी काठात वळते, मधली ओढ पोचत नाही. नावेत दगड भरले. मीही पदर खोचून दगड वाहिले. मामंजी नको नको म्हणत होते. मग ज्ञानूनं तळाचं बूच काढलं आणि पोहत बाहेर आला.

मला वाटलं होतं ती झटकन जाईल. नाही गेली. बराच वेळ तशीच उभी राहिली, जणू आम्ही काय करतोय ते तिला कळतच नव्हतं. मग पुढची नाळ खाली झुकली, बुडबुडे आले आणि सगळं हिरवं पाणी. मामंजींनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. मला ते आवडलं नाही. म्हटलं, "मामंजी, आपण तिला जपतोय. असं काय करता?"

गावात सांगायचं, थोरली खाली सांगलीकडच्या एका माणसाला विकली. तिघांखेरीज कुणाला कळता कामा नये. एकाला कळलं की फौजदाराला कळेल.

६ मे

फौजदार येऊन गेला. विकली म्हणून सांगितलं. माझा आवाज जराही हलला नाही, याचं मलाच नवल वाटलं. तो निघाल्यावर ज्ञानू म्हणाला, "वैनीसाब, तुमी लय घट्ट हाय."

यांचं पत्र आलं. खुशाल आहेत. मी संध्याकाळी डोहावर जाऊन आले. पाणी शांत होतं. मी काही शकुनबिकून मानणारी नाही, पण नाव जागेवर आहे हे बघितलं की झोप लागते.

९ जून

मामंजींशी आज माझं वाजलं. सासऱ्यांना उलट बोलले, असं कधी केलं नव्हतं.

ते बाजारातून बातमी घेऊन आले, की वरच्या घाटाची एक नाव सरकारनं सोडली. पावसाळ्यात माणसं पार करायला परवाना देणार म्हणे. "पानी वाडायच्या आत काडू या. एकदा नदी चडली, की दिवाळीपातुर हात लावता यायचा न्हाई. गावाची वाट हाय ती."

मी म्हटलं, "सोडली ती कशी सोडली ते ऐकलंत ना? तळ फुटलेला, वल्ही गहाळ. उद्या परवाना मागायला गेलो की विचारतील, विकली म्हणाला होतात ती आली कुठून? थोरली तर जाईलच, तुम्हालाही नेतील."

"मला न्हेलं तर न्हेलं."

"आणि यांना काय सांगू?"

महिना होऊन गेला, यांचं पत्र नाही. परवा शेजारच्या गावात तार आली, तिकडे कुठं तरी लढाईत मुलगा गेला. ते मी मामंजींना बोलले नाही. एवढंच म्हटलं, की हे परत येईपर्यंत थोरलीला कुणीही हात लावायचा नाही.

मामंजी उठून अंगणात गेले. मग म्हणाले, "तुज्या नवऱ्याची नाव. तू म्हनशील तसं." आणि आंघोळीला गेले.

माझंच बरोबर आहे. एक पावसाळा गाव नावेशिवाय काढू शकतं.

२ जुलै

मनू आली होती. मनुबाई, अर्जुनाची बायको, पलीकडच्या घरातली. मळईवाडीत मैत्रीण म्हणावी अशी ही एकच. मला आक्का म्हणते. पहिलटकरीण आहे, पोट पुढं आलंय, तरी परड्यातली भेंडी घेऊन आली. तिचं माहेर नदीपलीकडे, स्टेशनाजवळ. खरं तर आतापर्यंत बाळंतपणाला तिकडे जायला हवी होती.

"आई वाट बगत आसंल," म्हणाली. "ह्यांनी म्हटलं, गाडीनं पुलावरनं न्हेतो. पर हाडं खिळखिळी व्हतील, न्हाई का वं आक्का? थोरली आसती तर मांडी घालून बसलं की पलीकडं."

मी म्हटलं, "बाळंतपणं काय माहेरीच होतात? बनुबाई आहेत की." बनुबाई तिची सासू. सगळ्या गावाची बाळंतपणं त्यांनीच पाहिलेली.

"व्हय," मनू म्हणाली. "आत्ती लय जपत्यात."

जाताना दारात थांबून विचारलं, "तुमाला थोरलीची याद येती का वं?" मी हो म्हटलं. खरंच येते.

२५ जुलै

तीन दिवस सूर्य नाही. वरच्या अंगाला धुवांधार पाऊस आहे. नदी घाटाच्या शेवटच्या पायरीवर आली. आष्ट्याच्या वाटेवरचा ओढा भरला, सांगलीची वाट बंद. उंबराच्या डोहावर जाऊन आले. डोह कुठला, सगळंच एक झालंय. लाल, आणि मधोमध झाडं वाहत चाललेली.

थोरली खाली असेल ना? दगड पुरेसे भरले होते का? मामंजींना विचारलं तर त्यांनी मान फिरवली.

२८ जुलै

मनू गेली.

१ ऑगस्ट

लिहायला हवं. मनातल्या मनात तेच तेच बोलत बसते, त्यापेक्षा इथं मांडलेलं बरं.

मनूचं पोट दुखायला लागून दुसरा दिवस होता. बनुबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, पोर आडवं आहे, आपल्या हातचं नाही, मिरजेच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. अर्जुना भिजत आमच्या दारात आला. मामंजींना मामा म्हणतो तो.

"मामा, काहील द्या."

काहील म्हणजे आमच्या गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. पुरात नाव नसेल तर लोक तिच्यात बसून नदी पार करतात. दोघं पोहणारे कडेला धरतात. यापूर्वीही केलेलं आहे. पण असल्या पाण्यात नाही.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी म्हटलं, "द्या ना मामंजी, विचारता काय."

मनूला कांबळ्यात गुंडाळून काहिलीत बसवली. काठावर मी तिचा हात धरला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाली, "आक्का, काहील दिलीत, लय केलंत." मग अर्जुना एका बाजूनं, ज्ञानू दुसऱ्या बाजूनं, अशी ती निघाली.

निम्म्याच्या पुढं गेली होती. वरून एक बाभळ आली, मुळांसकट. काहील आधी गरगर फिरली. मग एक कड उचलली गेली. मनूचा आवाज आला नाही. अर्जुनाचाच आला. ज्ञानूनं अर्जुनाला खूप खाली जाऊन काठाला लावलं. मनू सापडली नाही.

मी काठावर उभी होते. माझ्या पायापासून हाकेच्या अंतरावर, त्याच पाण्याखाली, वीस माणसं बसतील अशी नाव होती. मला ओरडावंसं वाटलं, थोरली आहे, इथंच आहे. पण पुरात तिचं काय करणार होतं कोण? सांगून उपयोग नव्हता म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगते. पण काहील निघायच्या आधीही मी गप्पच होते. तेव्हा सांगितलं असतं तर अर्जुनानं मनूला त्या पाण्यात घातली नसती असं नाही. पण निदान त्याला कळलं असतं, की आपण काय म्हणून काहिलीत बसतोय.

जूनमध्ये थोरली काढली असती तर मनू कधीच माहेरी असती. यापुढं लिहिता येत नाही.

१४ ऑगस्ट

बनुबाई येऊन बसल्या. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला. त्यांनी बशी उचलली नाही. म्हणाल्या, "तुमी काहील दिली. दुसऱ्या कुनी दिली नसती, पुरात गेली तर जाईल म्हून. देव तुमच्या घरधन्याला सुकरूप आनंल."

मी आत गेले आणि चुलीपुढं बसले. त्या बराच वेळ एकट्या बसल्या होत्या, मग गेल्या.

१९ ऑगस्ट

यांचं पत्र आलं. खुशाल आहेत. दिवाळीच्या पुढंमागं रजा मिळेल म्हणतात. पत्र वाचलं आणि पाय आपोआप डोहाकडे वळले. अर्ध्या वाटेवरून परत आले.

११ सप्टेंबर

ज्ञानू काम सोडून गेला. सांगलीला वखारीत हमाली करणार म्हणे. मामंजींनी कारण विचारलं. तो म्हणाला, "मालक, अर्जुना रोज माज्या पाया पडतोय. म्या त्येला वाचवला म्हनून. मला न्हाई सोसत." माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

२६ सप्टेंबर

पाणी उतरलं. अर्जुना बैलगाडी घेऊन आला. गाडीत आमची काहील. खाली दोन कोसांवर गाळात रुतलेली सापडली.

"मामा, तुमची काहील. कडंला पोचा आलाय. गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आत लोहाराकडनं ठोकून आनतो."

मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे, अर्जुना."

"न्हाई, तुमची वस्तू हाय. माज्याच्यानं खराब झाली."

तो पोच्यावरून हात फिरवत होता. त्याच्या नखांत अजून गाळ होता. मला वाटलं आता सांगते. तोंडही उघडलं. तर विचारलं काय? "बैलांना पाणी दाखवू का?" तो हो म्हणाला. मी बैलांना पाणी पाजलं.

मामंजी आता माझ्या हातची अर्धी भाकरी खातात. रागानं नव्हे. रागानं असतं तर बरं झालं असतं.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. आम्ही एक पणती लावली.

मामंजी म्हणाले, "नदी बसली. जुना फौजदारबी बदलून गेला. आता काडता ईल. ज्ञानूला निरोप धाडतो. आमी दोगं हळूच काडतो, आन् खाली हरिपुराला न्हेऊन ठेवतो. गावात म्हनू, परत इकत घेतली. कुनाला कळायचं न्हाई."

खरंच कुणाला कळलं नसतं. एक दिवसभर मी हो म्हणायचं ठरवून बसले होते. थोरली वाचेल, मामंजी वाचतील, हे येतील तेव्हा नाव घाटाला असेल. मग संध्याकाळी अर्जुना लोहाराकडून काहील घेऊन आला. पोचा गेला होता. त्यानं ती गुऱ्हाळात जागच्या जागी ठेवली आणि घाम पुसत म्हणाला, "बगा वैनी, हुती तशी झाली."

मी मामंजींना म्हटलं, थोरली काढायची ती दिवसा काढायची. सगळ्या गावाला बोलावून. बैल लागतील, माणसं लागतील, दोघांच्यानं फळ्यांना धक्का लागेल. नावेसाठीच म्हणाले मी.

मामंजींनी विचारलं, "नावंसाटीच?"

"हो."

७ नोव्हेंबर

गावात सांगितलं, उंबराच्या डोहात एक नाव आहे, ती ओढून काढायची आहे. आमचीच, एवढंही बोलले नाही. जिभेवर आलं नाही. माणसं आली, बैलांच्या चार जोड्या आल्या, पोरं झाडांवर चढून बसली. ज्ञानूही आला होता, दूर उभा होता. बुडी मारायला अर्जुना पुढं झाला. गावात त्याच्याएवढा दमाचा दुसरा कोणी नाही.

पहिल्या बुडीनंतर तो वर आला तेव्हा हातात दगड होता. पाण्यात उभा राहून तो दगडाकडे बघत राहिला. आमच्याच बांधावरचे काळे दगड ते, त्यानं स्वतः कधी काळी आमच्याकडे रचलेले. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ही थोरली हाय."

"हो."

"कवापासनं हितं हाय?"

मामंजी मध्येच पुढं आले. "म्या बुडवली रं. माजं डोस्कं. पोरीला काय ठावं न्हवतं."

मला मामंजींचा फार राग आला. सगळ्यांदेखत म्हटलं, "चैत्रापासून. मीच सांगितलं बुडवायला. जूनमध्ये हे काढू म्हणत होते, मीच काढू दिली नाही."

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा काय तो आवाज. अर्जुनानं दगड काठावर ठेवला आणि परत बुडी मारली. मग दुसरा दगड. मग तिसरा. दुसरी पोरं मदतीला उतरली, पण तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. ऊन कलेपर्यंत तो दगड काढत होता. शेवटी दोर बांधले आणि बैलांनी ओढली. थोरली वर आली, काळीशार, सगळीकडून पाणी निथळत. एकही फळी सरकलेली नव्हती. लोक जवळ जाऊन हात लावत होते. मीच लांब उभी होते.

बनुबाई काठावर होत्या. थोरली वर आली तशा त्या वळून घराकडे चालायला लागल्या.

८ नोव्हेंबर

सकाळी बनुबाई दारात. आत या म्हटलं, आल्या नाहीत.

"काहिलीत बसताना माजी सून तुजं नाव घेत व्हती. आक्कानं काहील दिली म्हनत व्हती. ह्ये तुला ठावं आसावं म्हून आले."

मला ठाऊक होतं. मी तिचा हात धरला होता.

१२ डिसेंबर

हे आले. काळवंडलेत, जाड झालेत, बूट काढायला विसरतात. बसऱ्याच्या गोष्टी सांगत असतात. तिथली नदी, तिथल्या इंजिनाच्या बोटी, एकेका बोटीमागं ओढत नेलेले चार-चार मालाचे पडाव. मी घाटावर नेलं. थोरलीच्या फटींत ताग भरून वरून राळ-तेल लावायचं काम मामंजी आणि ज्ञानू करत होते. ज्ञानू परत आलाय, आपणहून.

यांनी थोरलीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "आजून ठेवलीय व्हय ही?"

मला वाटलं चेष्टा करतायत.

"आगं, शिडाचा जमाना गेला. लढाई संपू दे. सागवान हाय, वखारवाला हसत न्हेईल. त्यात आपन इंजिन घेऊ."

"तुम्हीच म्हणाला होतात, थोरलीकडं बघ."

"म्या? कवा?" खरोखरच आठवत नव्हतं त्यांना. "आसंल म्हटलं. जाताना मानूस काय काय म्हनतंय."

मामंजी तागाची दोरी वळत होते. त्यांचे हात थांबले.

१५ डिसेंबर

यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू काय मुद्दाम केलंस? आन् तसल्या पुरात थोरली तरी टिकली आसती का? बाभळीनं तिलाबी आडवी केली आसती. लढाईत बघ, मानसं कशी जात्यात. मनाला लावून घिऊ नगं."

चांगलं बोलले. खरंही असेल. मला ते नको होतं. मनू पुराच्या आधी एक महिना माहेरी बसलेली असती, हे कुणीच का म्हणत नाही?

मी म्हटलं, थोरली विकायची नाही. ती आता गावाची. या काठावरून त्या काठाला जो येईल त्याला न्यायचं, काही न घेता, जोवर तिच्या फळ्या धरतील तोवर. हे हसले, मग हसायचे थांबले. "माजी नाव हाय ती."

मामंजी न बघता म्हणाले, "तुजी नव्हं. माजीबी नव्हं. तिनं म्हटलं तसं व्हईल."

२८ डिसेंबर

रजा संपेस्तोवर हे माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. जाताना थोरलीतूनच पलीकडे गेले. मी काठावरून बघत होते. मग गुऱ्हाळात कामाला गेले.

२० फेब्रुवारी १९४४

परवाना मिळाला. नवा फौजदार आहे, त्याला मागचं ठाऊक नाही. थोरली रोज दोनदा पलीकडे जाते. सगळे बसतात. अर्जुनाच्या घरचं कुणी बसत नाही. काल बनुबाईंना पलीकडे व्याह्यांकडे जायचं होतं, मनूच्या आईकडे. पुलावरून गेल्या. एवढ्या लांबून, या वयात.

मामंजींचे हात कापतात. सुकाणू मी धरायला शिकतेय. बाई सुकाणूवर म्हणून लोक आधी कुजबुजले, आता सवय झाली.

१९ जुलै

पाणी चढलंय. गेल्या वर्षीइतकं नाही, पण लाल झालंय. दुपारी पलीकडून हाका आल्या. एका बाईला घेऊन माणसं उभी होती. फणफणलेली, उलट्या होऊन हातपाय गार पडलेले. या काठाचीच, आष्ट्याची. बहिणीकडे गेली होती, पावसानं मिरजेची गाडी बंद, म्हणून तिला आष्ट्याच्या डॉक्टरकडे आणायची होती. मामंजी उठले, पण त्यांना धड उभं राहवेना. ज्ञानूला एका बाजूचं वल्हं. दुसरं कुणी धरायचं? काठावरची पोरं एकमेकांकडे बघत होती. पाणी बघून कुणी पुढं येईना.

अर्जुना आला. कुठून आला कळलं नाही. सरळ नावेत चढून दुसऱ्या वल्ह्यावर बसला.

मी म्हटलं, "अर्जुना…"

"तुमच्यासाटी न्हाई," तो म्हणाला. "सोडा दोर."

गेलो. बाईला घेतलं, परत फिरलो. तिचं डोकं तिच्या आईच्या मांडीवर. मी मुद्दाम वरच्या अंगानं वळसा घेत होते. त्या जागेवरून मी थोरली कधीच नेत नाही, उन्हाळ्यातही नेली नाही. अर्जुनाच्या ते लक्षात आलं. वल्हं न थांबवता, पाठमोराच बोलला.

"वैनी, काहील उलटली ती जागा तुमाला ठावं हाय?"

"आहे."

"मंग चुकवताय कशापायी?"

मी सुकाणू घट्ट धरलं.

"रोज तितनंच न्यायची," तो म्हणाला. "म्या वल्हं मारतो. तुमी न्यायची."

मी सुकाणू फिरवलं. ओढ लागली, थोरली जरा कलली, मग सावरली. अर्जुना पुढं बघत वल्हं मारत होता. त्या जागेवर पाणी इतर पाण्यासारखंच होतं.

बाई डॉक्टरकडे पोचली. अर्जुना वल्हं ठेवून घरी गेला. उद्या सकाळची फेरी आहे.